तळ घासणारं मशीन

टेलरकाकू चिडल्या की आधी गप्प बसायच्या, आणि त्या गप्प बसल्या की घरातली, गल्लीतली, दुकानातली माणसं सावध व्हायची. त्या दिवशी त्या उपचार केंद्रातल्या व्यायामाच्या तलावाच्या दाराबाहेर चाकाच्या खुर्चीत बसून दारावर चिकटवलेला कागद वाचत होत्या आणि बराच वेळ एक अक्षर बोलल्या नव्हत्या. खुर्चीमागे उभ्या असलेल्या त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, हे लक्षण नवं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला.

"पूल पुढील सूचनेपर्यंत बंद," त्यांनी मोठ्याने वाचलं. "पूल नदीवर असतो. हा तलाव आहे. बंदच करायचा तर निदान मराठी तरी धड लिहावं."

काकांनी उभं आयुष्य रेडिओवर बातम्या वाचल्या होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ते दूधवाल्याशीसुद्धा बातमीपत्राच्या आवाजात बोलत, म्हणून उपचार केंद्रातल्या पेशंट मंडळींनी त्यांचं नाव 'बुलेटिन' ठेवलं होतं. हाताने काही करायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. घरातला बल्बसुद्धा काकू बदलत. म्हणजे वर्षभरापूर्वीपर्यंत बदलत. मग एका सकाळी कोटाला बाही जोडता जोडता काकूंच्या बोटांतून कापड निसटलं, पाठोपाठ उजवा हात, आणि त्याच्या पाठोपाठ उजवा पाय. जीव वाचला. जीभही वाचली. पण हात मांडीवर ठेवला की ठेवला तिथेच पडून राही, आणि पाय जमिनीवर टेकवला की दुसऱ्या कुणाचा तरी वाटे.

फक्त या तलावात तो त्यांचा व्हायचा. छातीइतकं कोमट पाणी, कडेने धरायला स्टीलचा दांडा, समोर थेरपिस्ट मुलगी. अंगाचं ओझं पाणी उचलून घ्यायचं आणि उजवा पाय, नाखुशीने का होईना, पुढे पडायचा. त्या चार-दोन फेऱ्यांच्या जोरावर काकू आठवड्याचे बाकीचे दिवस काढत.

"मशीन मेलं," मागून आवाज आला.

हा ड्रायव्हर. त्याने आयुष्यभर ट्रक चालवला होता आणि त्या बसण्यानेच खुब्याचं हाड झिजवून घेतलं होतं. नवा खुबा बसवून तो इथे चालायला शिकत होता. कुबडी काखेत मारून तो भिंतीला टेकला होता.

"कुठलं मशीन?" काकूंनी विचारलं.

"ते तळ घासणारं हो. पाण्यात कासवासारखं फिरतं ते. ते चालत नाही म्हणजे तळाला शेवाळ धरणार. शेवाळ धरलं की आपण घसरणार. आपण घसरलो की मॅनेजर अडकणार. म्हणून बंद."

"मग माणूस लावून घासा की. पूर्वी एक जण होता ना?"

"मशीन आलं तेव्हाच त्याला घरी पाठवला. मी म्हटलं, मी घासतो. तर ती पोरगी म्हणाली, काका, तुम्हाला अजून वाकायची परवानगी नाही."

काकूंनी खुर्चीचं चाक डाव्या हाताने फिरवलं. एकाच हाताने फिरवल्यामुळे खुर्ची दारापासून वळली आणि बरोबर मॅनेजरच्या खोलीकडे तोंड करून उभी राहिली.

"चला," त्या म्हणाल्या.

मॅनेजर तसा वाईट माणूस नव्हता. तो थकलेला होता. छप्पर गळत होतं, लिफ्ट अधूनमधून अडत होती, आणि रोज कुणी ना कुणी खुर्ची घेऊन त्याच्या दारात येत होतं. त्याने काकूंना पाणी विचारलं आणि सगळं सांगितलं. कंपनीच्या डीलरचा माणूस येऊन गेला. त्याने पिन लावली, बटण दाबलं, मशीन जरा फिरलं आणि थांबलं. मोटरचा अख्खा डबा गेला, म्हणाला. डबा सुटा मिळत नाही, मिळाला तरी त्यात जवळजवळ नवं मशीन येतं. यंदा तेवढी तरतूद नाही.

"मग कधी?" काकूंनी विचारलं.

"पुढच्या वर्षी बघू. तोपर्यंत पाणी ठेवून तरी काय करायचं? सोमवारी सोडून देणार आहोत. वर फळ्या टाकल्या की बाहेर ताटकळणाऱ्या लोकांना बसायला जागा होईल."

"म्हणजे पुढच्या वर्षीही नाही," काकू म्हणाल्या.

मॅनेजरने टेबलावरचे कागद एकत्र केले.

"ते मशीन उघडून बघितलं का त्याने?"

"कोणी?"

"डीलरच्या माणसाने. पेच काढले का? आत डोकावला का?"

"मॅडम, तो ट्रेनिंग घेतलेला माणूस आहे. त्याला बाहेरून कळतं."

"मलाही डॉक्टरांनी बाहेरूनच बघितलं होतं," काकू म्हणाल्या. "तरी दहा वेळा फोटो काढले डोक्याचे. मशीन मला द्या. सोमवारपर्यंत."

मॅनेजरने आधी काकूंकडे, मग त्यांच्या मांडीवरच्या हाताकडे आणि शेवटी काकांकडे मदतीच्या आशेने पाहिलं. काकांनी नुसते खांदे उडवले.

"तुम्ही काय करणार त्याचं?"

"काय होईल? बिघडेल? ते बिघडलेलंच आहे."

शेवटी तो म्हणाला, "घेऊन जा. डीलर ते भंगारात उचलणारच होता. पण हे ध्यानात ठेवा, केंद्राकडून एक पैसा मिळणार नाही."

"मागितला कोणी?"

मशीन होतं चांगलं जड, एका माणसाने उचलावं न उचलावं असं. त्याला लांबच लांब निळी केबल, आणि केबलीच्या दुसऱ्या टोकाला काठावर ठेवायचा विजेचा डबा. काका कंबर धरून बघत राहिले. ड्रायव्हरला वाकायचं नव्हतं. रिक्षा फाटकाबाहेर उभी होती. काकूंनी क्षणभर विचार केला, मग खुर्चीचा ब्रेक लावला, खुर्चीला अडकवलेली काठी काढून डावा हात तिच्यावर रोवला आणि उठून उभ्या राहिल्या.

"अगं, अगं!" काका धावले.

"मला नका धरू. ते धरा. ठेवा खुर्चीवर."

आणि मग सगळ्या केंद्राने पाहिलं की चाकाच्या खुर्चीत ते निळं मशीन बसलंय, मांडीवर केबलीचं वेटोळं घेऊन, बुलेटिन खुर्ची ढकलतायत, आणि शेजारून टेलरकाकू काठी टेकत, उजवा पाय फरशीवरून ओढत चालल्यायत. रोज त्या खुर्चीतून जायच्या तो व्हरांडा चालताना केवढा लांब निघाला. दोनदा त्या भिंतीला टेकल्या. काकांनी दोन्ही वेळा तोंड उघडलं आणि काकूंचा चेहरा बघून मिटलं.

फाटकावर वॉचमनने अडवलं. "हे काय नेताय?"

"पेशंट आहे," मागून ड्रायव्हर ओरडला. "घरी सोडलंय!"

घरात पुढच्या खोलीत काकूंचं कापड बेतायचं लांब टेबल होतं. वर्षभर त्यावर औषधं, वर्तमानपत्रं आणि धुतलेले कपडे साठत गेले होते. काकूंनी ते सगळं उचलायला लावलं आणि मशीन मधोमध ठेवायला सांगितलं. मग त्या टेबलाशी खुर्ची लावून बसल्या.

"तुम्ही माझा उजवा हात," त्यांनी काकांना सांगितलं. "मी सांगेन तेवढंच करायचं. जास्त नाही, कमी नाही. आणि पिन भिंतीत नाही ना, ते आधी बघा."

"वीजजोडणी खंडित आहे," काका म्हणाले.

"नुसतं 'नाही' म्हणा हो."

काकूंना असल्या मशीनचं ज्ञान होतं असं नव्हे. त्यांना शिलाईमशीन ठाऊक होतं. पण मोटर फिरता फिरता थांबते म्हणजे एक तर तिला कोणीतरी अडवतंय, नाहीतर तिला खायला मिळत नाहीये, एवढं त्या धरून चालल्या. काकांनी गाळाची जाळी काढली, झाकणाचे पेच काढले. पहिला पेच त्यांनी चुकीच्या दिशेने इतका पिळला की काकूंना दोन चांगल्या शिव्या आठवल्या. झाकण निघालं तसा आतला पंखा दिसला. हा पंखा पाणी खेचतो आणि पाण्याबरोबर घाण. त्याच्या दांड्यावर केस गुंडाळले गेले होते. नुसते केस नाहीत, गुडघ्याला बांधायच्या पट्ट्यांचे इलॅस्टिकचे धागेसुद्धा. सगळं मिळून दांड्यावर एक घट्ट काळी गुंडाळी झाली होती.

"शी!" काका म्हणाले.

"शी काय? यातले निम्मे माझेच असतील. ती शिवण उसवायची बारकी सुरी द्या इकडे."

हे काम त्यांनी स्वतः केलं. डाव्या हाताने. सुरी सुरुवातीला घसरायची, एकदा तर टेबलात रुतली. काकांनी हात पुढे केला तेव्हा त्यांनी मान न उचलता "अं हं" केलं. एकेक वेढा उसवत, ओढत, पुन्हा उसवत त्या दांड्यापर्यंत पोचल्या. पंखा बोटाने फिरवला. सैल, मोकळा फिरला.

मशीन कोरडं चालवायचं नाही, आतलं रबर जळतं, असं थेरपिस्टने बजावून सांगितलं होतं. म्हणून काकांनी वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातून पोरांचा हवा भरायचा टब मागून आणला. त्यावर बदकं छापलेली होती. अंगणात टब भरला, मशीन बुडवलं, पिन लावली, बटण दाबलं. डब्यावर हिरवा दिवा लागला, पाण्यात घरघर सुरू झाली, आणि मशीन टबाच्या भिंतीला धडका द्यायला लागलं. काकूंनी काठी हवेत उंचावली.

मग मशीन वळलं, दिवा लाल झाला, आणि घरघर थांबली.

त्यांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा फिरलं. पुन्हा थांबलं. तिसऱ्यांदाही तेच.

काकांनी पिन काढली, खिशातून रुमाल काढून हात पुसले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "असू दे. आपण प्रयत्न तर केला ना? जेवढं व्हायचं तेवढं झालं."

काकू गप्प झाल्या.

"चहा टाकू?" काकांनी विचारलं.

"हेच बोलला होतात तुम्ही. माझ्या हाताबद्दल. डॉक्टरांच्या खोलीत. जेवढं यायचं तेवढं आलं म्हणालात. मी शेजारी बसले होते. मला नाही विचारलंत, डॉक्टरला सांगून मोकळे झालात."

"मी तुला त्रास होऊ नये म्हणून—"

"मला त्रास होऊ दे! माझा हात आहे. मला त्याच्यामागे लागू दे. नाही आला तर नाही आला, पण तो सोडून द्यायचा की नाही, ते मी ठरवीन. तुम्ही कोण 'झालं' म्हणणारे? तो मॅनेजर 'झालं' म्हणतो, तो डीलरचा माणूस 'झालं' म्हणतो, आणि घरी येऊन तुम्ही!"

काका टबाच्या काठावर बसले. हवेचा काठ बसकन दबला आणि त्यांच्या पायांवरून पाण्याचा लोट अंगणात गेला. ते उठले नाहीत. ओल्या पायांनी तसेच बसून राहिले.

"मला भीती वाटते," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज रेडिओतला नव्हता. "तू आशा धरतेस आणि मग काही होत नाही, तेव्हा तुझा चेहरा... मला तो बघवत नाही. म्हणून मी आधीच सांगून टाकतो, होणार नाही."

काकूंनी त्यांच्या ओल्या चपलांकडे पाहिलं.

"तर मग बघू नका," त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "तिकडे तोंड करा. पण 'झालं' म्हणू नका."

चहा मग काकूंनीच टाकला. डाव्या हाताने, निम्मा ओट्यावर सांडत. काकांनी तो मुकाट्याने प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका अंगण आवरत होते. रात्रभर मशीन टबातच राहिलं होतं. पुन्हा एकदा बघावं म्हणून काकूंनी पिन लावायला सांगितली. मशीन फिरलं आणि थांबलं. लाल दिवा. काका कंटाळून केबल गोळा करायला लागले. त्यांनी मशीनजवळची केबल उचलली आणि दिवा एकदम हिरवा झाला, मशीन फुरफुरलं, परत बंद पडलं.

"थांबा!" काकू ओरडल्या. "परत उचला. नाही, तिथे नाही. मघाशी धरलं होतं तिथे."

काकांनी उचललं. हिरवा. सोडलं. लाल.

काकूंचे डोळे बारीक झाले. शिलाईमशीनच्या पायाखालच्या पॅडलची वायर त्यांनी आयुष्यात किती वेळा बदलली होती! वरून वायर शहाण्यासारखी पडून असते, पण रोज एकाच जागी वाकून वाकून आतली तांब्याची तार तुटते. तुटलेली टोकं कधी टेकतात, कधी सुटतात. इथेही मशीन वळलं की केबल त्याच जागी वाकत होती.

पिन काढून त्यांनी केबल मांडीवर घेतली आणि अंगठ्याने इंच इंच दाबत गेल्या. मशीनपासून हातभर अंतरावर केबल नुसती लोळली, आत हाडच नसल्यासारखी.

"मोटरचा डबा म्हणे!" त्या म्हणाल्या. "केबल आहे ही, केबल! वायर तुटलीय!"

काकांनी या वेळी दुसरीकडे तोंड केलं नाही. ते काकूंच्या चेहऱ्याकडेच बघत होते.

डीलरला फोन केला. सुटी केबल मिळते, पण पूर्ण लांबीची, आणि तिची किंमत ऐकून काकूंनी फोन तिथेच ठेवून दिला.

"कापड जळलं म्हणून कोणी अख्खा कोट टाकतं का? जळलं तेवढं कापायचं आणि चांगल्याला चांगलं जोडायचं. तलाव केवढासा, केबल केवढी! हातभर कमी झाली तर कोणाचं काय जातंय?"

"पण सांधा पाण्याखाली जाणार," काका म्हणाले. "पाणी आत शिरेल."

काकूंनी चमकून पाहिलं. हे त्यांना सुचलं नव्हतं. तेव्हा ड्रायव्हरला फोन लावला. त्याने जन्मभर रस्त्यावर गाड्या उभ्या करून काय काय जोडलं होतं. तो म्हणाला, विहिरीत मोटर सोडतात ते लोक सांधा करतातच की. पंपाच्या दुकानात त्याचं पाकीट मिळतं.

पंपाच्या दुकानात काका एकटे गेले. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "सांध्याबिंध्याच्या भानगडीत पडू नका साहेब. वयाच्या मानाने झेपायचं नाही. ही तयार केबल न्या. शिवाय हा पंप बघा, नवीन आलाय—"

आयुष्यात घासाघीस न केलेले काका, भाजीवाल्याने मागितले तेवढे पैसे देऊन वर त्याचे आभार मानणारे काका, काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

"आम्हाला केबल नको," ते म्हणाले. सगळं दुकान वळून बघायला लागलं, कारण तो आवाज पूर्वी एकाच वेळी हजारो घरांत जात असे. "आम्हाला पंप नको. आम्हाला सांध्याचं एक पाकीट हवं आहे, आणि तो सांधा कसा करतात ते आपण आम्हाला सांगायचं आहे. आमच्या वयाचा विषय आपण पुन्हा काढणार नाही."

दुकानदार बघत राहिला. "तुम्ही... सकाळच्या बातम्या?"

"होय."

"अहो, माझे वडील तुमच्या आवाजावर घड्याळ लावायचे!" त्याने स्टूल पुढे सरकवलं, पाकीट फोडून एकेक वस्तू दाखवली आणि सगळं दोनदा समजावलं. पैसे मात्र पूर्ण घेतले. काकांनीही ते आनंदाने दिले, कारण पाकीट एका साध्या जेवणाच्या किमतीत आलं होतं.

घरी पुन्हा टेबल, पुन्हा काकूंचा हुकूम. केबलीचा मेलेला तुकडा काकूंनी कापडाच्या मोठ्या कात्रीने नव्हे (ती त्यांनी हातसुद्धा लावू दिली नाही), तर काकांना पकड देऊन तोडायला लावला. आत दोन तारा होत्या, एक तांबडी, एक काळी. तुटलेल्या टोकाजवळ तांबं हिरवट पडलं होतं, म्हणून स्वच्छ तांबं लागेपर्यंत आणखी थोडी केबल कापली. मग काकांनी तांबडीला तांबडी समोरासमोर धरली, त्यावर तांब्याची बारकी नळी सरकवली आणि पकडीने दाबली. जीभ बाहेर काढून, भुवया वर करून, श्वास रोखून दाबली. ओढून पाहिलं. पक्की.

"जमलं!" काका म्हणाले. "काय म्हणतेस? आहे की नाही?"

काकू पाकिटाकडे बघत होत्या. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "ती काळी रबरी नळी तारेवर आधी चढवायची होती ना? ती गरम केल्यावर आवळते ती?"

नळ्या पाकिटातच होत्या. छोट्या दोन, मोठी एक. नुसत्या पडून.

काकांनी हातातल्या पक्क्या सांध्याकडे पाहिलं. नळ्यांकडे पाहिलं. मग बातमीच्या सुरात म्हणाले, "नुकत्याच हाती आलेल्या वृत्तानुसार, प्रस्तुत वाचक गाढव आहे."

काकूंना हसू फुटलं. एका बाजूने फुटलं, कारण दुसरी बाजू अजून नीट हसत नव्हती, पण असं काही फुटलं की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि टेबलावरचे पेच थरथरले. "मी तरी कुठे बघितलं," त्या म्हणाल्या. "आपण दोघं. तोडा, तोडा. तांब्याची एक नळी जास्तीची आहे."

दुसऱ्या वेळी आधी नळ्या चढवल्या, मग सांधे केले. नळ्या आवळायला काकूंची इस्त्री कामाला आली. इस्त्री त्यांनीच धरली, डाव्या हातात, न टेकवता, केसभर अंतर राखून, आणि काका केबल हळूहळू फिरवत राहिले. रबर आवळत गेलं, दोन्ही टोकांनी चिकट गोंदाचा थेंब बाहेर आला. दुकानदाराने सांगितलं होतं, गोंद बाहेर दिसला की समजा पाण्याला वाट नाही.

बदकांच्या टबात मशीन त्या दिवशी संध्याकाळपर्यंत भिंतींना धडका देत राहिलं. दिवा हिरवा तो हिरवाच. शेवटी वरच्या मजल्यावरून विचारणा झाली की आमचा टब परत मिळणार आहे का.

सोमवारी ते केंद्रात पोचले तेव्हा तलावाच्या खोलीत पाण्याचा खळखळाट चालू होता. मोरीची झडप उघडली होती. पाणी छातीवरून कंबरेपर्यंत आलं होतं.

"झडप बंद करा," काकू दारातूनच म्हणाल्या.

मॅनेजर झडपेपाशीच उभा होता. त्याने मशीन पाहिलं, केबलीवरचा काळा जाड सांधा पाहिला आणि मान हलवली. "मॅडम, तुमची मेहनत कळते मला. पण बाहेर जोडलेलं मशीन मी पेशंटच्या पाण्यात कसं सोडू? काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"पाण्यात पेशंट आहे कुठे? सगळे काठावर आहोत. मशीन चालू असताना कोणी उतरायचं नाही, तसंही तो नियमच आहे. तुमचा वायरमन बोलवा. तपासू दे त्याला."

"मी वरिष्ठांना विचारून कळवतो. तोपर्यंत—"

"तोपर्यंत पाणी संपेल."

काकूंनी खुर्ची झडपेच्या चाकाजवळ नेली आणि डावा हात चाकावर ठेवला. फिरवला. चाक घट्ट होतं, जागचं हललं नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला, दात आवळून, मानेच्या शिरा ताणून. चाक तसूभर हललं. मॅनेजर "अहो, अहो" म्हणत पुढे आला, पण ड्रायव्हर कुबडी आडवी धरून मध्ये उभा राहिला, आणि काका पुढे झाले. त्यांनी विचारलं नाही, झेपेल का. बाजूलाही केलं नाही. काकूंच्या हाताशेजारी आपले दोन हात ठेवले आणि तिन्ही हातांनी चाक फिरलं. खळखळाट बारीक होत होत थांबला.



"ठीक आहे," मॅनेजर म्हणाला. कपाळावरचा घाम त्याने बाहीने पुसला. "वायरमनला बोलवा. तो नाही म्हणाला तर विषय संपला. कबूल?"

"तो हो म्हणाला तर फळ्या परत पाठवायच्या. कबूल?" काकू म्हणाल्या.

वायरमन आला. त्याने मीटर लावला, सांधा वाकवला, ओढला, बादलीत बुडवून पुन्हा मीटर लावला. "कोणी केला?" त्याने विचारलं. काकांनी घसा खाकरला, पण उत्तर काकूंनीच दिलं. "आम्ही." वायरमन म्हणाला, दिसायला ओबडधोबड आहे, पण काम ठीक आहे. आणि सामान आवरून गेला.

थेरपिस्टने मशीन पाण्यात सोडलं. बुडबुडे सोडत ते तळाला बसलं, जरा थबकलं आणि निघालं. तळावर आलेल्या हिरवट थरातून त्याने एक स्वच्छ पांढरा पट्टा ओढला, भिंतीपाशी वळलं आणि शेजारून दुसरा ओढत आलं. वळताना सगळे दिव्याकडे बघायचे. दिवा हिरवाच राहिला.  मग मॅनेजरने दारावरचा कागद काढून नेला.

हे सगळं इथेच गोड झालं असं नाही. पुढच्याच महिन्यात मशीनचा एक रबरी पट्टा तुटला, आणि तो मात्र नवीनच घ्यावा लागला. तो सोडून बाकीचं काही न घेता दुकानातून परत आल्याबद्दल काका दोन दिवस सांगत होते. काकूंच्या हाताने अजूनही सुई धरलेली नाही. धरेल की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत, आणि काकू त्यांना विचारतही नाहीत.

पण त्या मंगळवारची गोष्ट सांगायची राहिली. तळ पांढरा झाला होता, पाणी गाळून निघालं होतं, पण भरायला वेळ लागणार होता. थेरपिस्ट म्हणाली, दोन दिवस थांबा. कमी पाण्यात पायावर वजन जास्त येईल.

"किती जास्त?" काकूंनी विचारलं.

"बरंच. तुम्ही आत्तापर्यंत छातीएवढ्या पाण्यात चालत होता. आज कंबरेइतकंच आहे. पाणी अर्धंच आहे, काकू."

"मीही अर्धीच आहे," काकू म्हणाल्या. "पुरेल."

थेरपिस्टने काकांकडे पाहिलं. काका आपल्या चपला काढत होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते पायऱ्यांवर उतरून बसले.

काकू दांडा धरून पाण्यात उतरल्या. वजन खरंच जास्त होतं. पहिल्याच पावलाला उजवा गुडघा मुडपला आणि त्या दांड्यावर आदळल्या. थेरपिस्टने हात पुढे केला. काकूंनी तिला डोळ्यांनीच थांबवलं. मग श्वास घेतला, पाय उचलला, पाण्याने जेवढा उचलला तेवढा आणि उरलेला स्वतः, आणि पांढऱ्या तळावर पुढे टाकला.

"दुसरा," त्या स्वतःलाच म्हणाल्या. "दुसरा टाक आता."